विषय: अरबी समुद्रातलं डीप डिप्रेशन आणि आपली मदत

हर्णैहून, टोकियोतल्या आपल्या मंडळाचा जुना सभासद:

नमस्कार मंडळी,

हवामान खात्याच्या दुपारच्या बुलेटिनात अजून डीप डिप्रेशनच आहे, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ म्हणून नाव मिळेल. इथे बंदरात बावटा लागलाय, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरतायत.

एक कळकळीची विनंती. नकाशावरची वादळाच्या मार्गाची रेघ आज अलिबागकडे दिसते, म्हणून दापोली-मंडणगडच्या घरच्यांना ‘तुम्हाला धोका नाही’ असं सांगू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आलं आणि खाली मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे ज्या दिशेने वादळ सरकतं त्याच्या उजव्या हाताला वारा जास्त. ईशान्येला निघालेल्या वादळाचा उजवा हात म्हणजे रेघेच्या दक्षिणेची गावं!

टोकियोहून:

दादा, आई दिवेआगरला एकटीच आहे, घर कौलारू. इथे टायफूनच्या आदल्या दिवशी आम्ही बाल्कनीतलं सगळं आत घेतो, टब भरून ठेवतो. तिला नेमकं काय सांगू? आणि मंडळात काहीजण कपडे गोळा करतायत, पाठवायचे का?

हर्णैहून:

वहिनी, आईंना आजच शेजारच्या स्लॅबच्या घरात हलवा, उद्यावर टाकू नका. औषधं, रेशनकार्ड, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत. वीज गेली की विहिरीचा पंप बंद, तेव्हा पिंपं आत्ताच भरून घ्या. आणि वारा एकदम पडला तरी बाहेर यायचं नाही. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने पुन्हा झोडपतो.

कपडे मात्र कृपा करून नकोत. निसर्गानंतर लोक पत्र्यासाठी, कौलांसाठी वणवण करत होते. पाऊस तोंडावर आणि डोक्यावर छप्पर नाही! ताडपत्री, पत्रे, यांत्रिक करवती आणि पंपापुरता जनरेटर, एवढं वेळेत पोचलं तरी गाव उभं राहतं. पडलेली झाडं तोडण्याआधी फोटो काढून ठेवायला सांगा, पंचनाम्याला लागतात. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्नाला पाच-सात वर्षं जातात, म्हणून भरपाईचा कागद पक्का हवा.

खजिनदार, टोकियो:

पैशांबद्दल आत्ताच बोलतो. मंडळाच्या खात्यातून कोकणातल्या संस्थेला पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जमा व्हावी लागते. तिथून दुसऱ्या संस्थेला ती वळवता येत नाही, म्हणून काम स्वतः करणारी संस्थाच निवडू. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत थेट दिलं तर ही अट लागत नाही; परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना लागते. तेव्हा एकत्र वर्गणी नको, ज्याने त्याने वेगवेगळं पाठवावं. संस्थेची कागदपत्रं मी आज रात्री तपासतो.

हर्णैहून:

उत्तम. आणखी एक काम रात्रीच व्हावं. २०२० मध्ये टॉवर पडले आणि कित्येक दिवस कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. प्रत्येकाने घरच्यांचं गाव, वाडी, घरात माणसं किती, आजारी कोण आणि ते कुणाकडे हलणार हे मला कळवा. नेटवर्क नसेल तिथे आमची पोरं मोटारसायकलने जातील, रस्ता बंद असेल तिथे चालत. यादी छापून ठेवतोय, त्यामुळे वीज असेपर्यंत पाठवा.