प्रतिसाद: नुसतं पळून दम वाढेल, पण मॅचचा नाही

फुटबॉलच्या मॅचसाठी दम वाढवायला रोज दहा किलोमीटर पळणं पुरेसं आहे, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मॅचमध्ये खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो हे खरं, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि हळू धावणं असतं. निकाल ठरवतात ते दोन-चार सेकंदांचे स्प्रिंट, आणि तेही पुन्हापुन्हा मारता यायला हवेत. एका लयीत पळून ते कसं जमणार?

इंटरव्हलचं, म्हणजे जोरात आणि हळू आलटून-पालटून धावण्याच्या सरावाचं बघा. नॉर्वेत ज्युनिअर खेळाडूंवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटं धावायचं, मग तीन मिनिटं हलकं जॉगिंग, असं चार वेळा. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. मॅचमध्ये कापलेलं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलं.

माझी पसंती मात्र छोट्या मैदानावरच्या चारास-चार खेळाला. दमही लागतो, बॉलही पायात राहतो (आणि पोरं कुरकुरत नाहीत!). अडचण एवढीच की अंगचोर खेळाडू त्यात बेमालूम लपतो, आणि पूर्ण वेगाचा स्प्रिंट क्वचितच मिळतो. म्हणून स्प्रिंट आठवड्यातून एकदा वेगळे घ्या, पाय ताजे असताना.