पायऱ्यांचे वर्ग बांधणं थांबवावं का?

खडूधारी
विद्यापीठाची नवी इमारत म्हटली की उतरत्या पायऱ्या, जमिनीत ठोकलेली बाकं आणि समोर व्यासपीठ हा आराखडा डोळे झाकून उचलला जातो. विद्यार्थ्यांनी वर्गातच गटाने प्रश्न सोडवावेत, म्हणजे ॲक्टिव्ह लर्निंग व्हावं असं खरंच वाटत असेल, तर हे बांधकाम बंद करा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर यांनी १९९०च्या दशकात 'स्केल-अप' वर्ग उभा केला. सात फूट व्यासाची गोल टेबलं, प्रत्येकाभोवती तीन-तीन जणांचे तीन गट. वर्गाला पुढची बाजू अशी नाहीच, शिक्षक टेबलांमधून फिरतो. अजून आपण कशाची वाट बघतोय?

आकडेमोड
असहमत. श्रेय टेबलाला देऊ नका. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के नापास, ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गांत २१.८ टक्के. हा फरक शिकवण्याच्या पद्धतीतला आहे, फर्निचरमधला नाही. हार्वर्डमध्ये एरिक मझुर यांनी १९९१ पासून प्रश्न विचारा, प्रत्येकाने उत्तर द्या, शेजाऱ्याशी वाद घाला, पुन्हा उत्तर द्या ही पद्धत मोठ्या वर्गांत चालवली. शेजाऱ्याशी वाद घालायला गोल टेबल कशाला लागतं?

खडूधारी
दोघांचं जमतं हो. चौघांना मिळून एक आकृती काढायला सांगून बघा. रांगेतल्या पहिल्याची वही चौथ्याला दिसत नाही, मग टोकाचे दोघे गप्प बसतात. शिवाय ठोकलेल्या बाकांत मधला विद्यार्थी कुठे अडलाय हे बघायला शिक्षक त्याच्यापर्यंत पोचणार कसा? सहा जणांना उठवून?

मागचा_बाक
विद्यार्थी म्हणून बोलतो. गोल टेबलाशी निम्म्यांची पाठ फळ्याकडे असते. तासभर मान वळवून बसायचं आणि मधेच कोपर मारून शेजाऱ्याची बाटली पाडायची. गटात एक जण लिहितो, बाकीचे मोबाइलमध्ये. त्यापेक्षा सरांनी वीस मिनिटं नीट समजावलेलं परवडलं.

आकडेमोड
@मागचा_बाक, 'परवडलं' या भावनेवर फार भरवसा ठेवू नका. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये आला. ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गातल्यांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण 'किती शिकलात?' म्हणून विचारलं तर कमी शिकलो असं वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं.

मागचा_बाक
बरं, मान्य. पण गुण वाढले म्हणून मान दुखायची थांबत नाही ना! चारही भिंतींवर स्क्रीन लावा, मग बोलू.

नकाशेवाली
वास्तुरचनेचं काम करते, म्हणून थोडी भर. तुम्ही दोघं दोन टोकांना भांडताय. पायऱ्या ठेवूनही गट बसवता येतात: एकेक पायरी रुंद करून तिच्यावर दोन रांगा घ्यायच्या आणि पुढच्या रांगेला फिरत्या खुर्च्या द्यायच्या. प्रश्न आला की पुढचे मागे वळतात, चौघांचा गट तयार. वळलेल्यांचे गुडघे टेबलाला अडू नयेत म्हणून टेबलाची पुढची फळी मात्र काढावी लागते. हे विसरलं की फिरत्या खुर्च्या नुसत्या शोभेच्या. जागा गोल टेबलांपेक्षा कमी लागते.

आणि आवाजाबद्दल कुणीच कसं बोलत नाही? दहा टेबलं एकदम बोलायला लागली की कठीण छत आणि फरशी आवाज परत फेकतात. मग प्रत्येक गट आवाज चढवतो आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही. पैसे कमी असतील तर आधी छताला आवाज शोषणारे पॅनेल लावा, स्क्रीन नंतर घ्या. उद्घाटनाच्या फोटोत पॅनेल दिसत नाहीत, म्हणून तीच आधी कापली जातात.

खडूधारी
छताचं पटलं. दोन रांगांची पायरी मला तडजोडच वाटते. शिक्षक तिथेही मधल्या गटापर्यंत पोचत नाही.

नकाशेवाली
मधे एक जास्तीची वाट सोडली की पोचतो. दर ओळीला दोन खुर्च्या कमी होतात, आणि प्रशासन नेमकं तिथेच अडतं.

आकडेमोड
अडणारच. आणि समजा नाही अडलं, तरी वेळापत्रक लावणारा तो वर्ग तासभर स्लाइड वाचून दाखवणाऱ्याला देणार. खोल्यांचं वाटप आसनसंख्या बघून होतं, शिकवण्याची पद्धत बघून नाही. खडूधारी, आधी तो नियम बदलून आणा, मग तुमच्या सात फुटी टेबलांना माझं मत.