मदत हवी आहे : नाताळात आईला घेऊन क्रूझ, २४ ला रात्री बोट कुठे असते?

मोसंबीवाला
लवकर उत्तर हवंय. एजंटनं उद्या दुपारी बारापर्यंत मुदत दिलीये. अर्धे पैसे भरा, नाहीतर केबिन दुसऱ्याला देतो म्हणतो. नाताळच्या सुट्टीत आईला क्रूझवर न्यायचं आहे. दोन पर्याय आहेत, एक दोन रात्रींचा, एक पाच रात्रींचा. मला एवढंच कळत नाही की २४ तारखेला रात्री बारा वाजता बोट समुद्रात असते का बंदरात, आणि त्या वेळी बोटीवर एखादी शांत जागा मिळते का. एजंटला विचारलं तर म्हणतो गाला डिनर आहे, डीजे आहे, पहाटेपर्यंत नाच चालतो. ते मी विचारलंच नव्हतं. आईला गाडी लागते, गुडघ्याचाही त्रास आहे. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. गुगल करा म्हणू नका, ते करून झालंय.

नाथसागर
भाऊ, बोट कोणती? सुटते कुठून? किती तारखेला? आईचं वय काय? तुम्ही किती जण? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

सिंगापूर_रिटर्न
आम्ही दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून गेलो होतो. सगळ्यात आधी पासपोर्ट बघा. प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी मुदत हवी. मग व्हिसा. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या पासपोर्टला चारच महिने उरले होते, विमानतळावरून परत यावं लागलं. पासपोर्ट नसेल तर आजच अपॉइंटमेंट घ्या.

मोसंबीवाला
परदेशात जायचं नाही. मुंबईहून सुटणारी बोट आहे. दोघंच, मी आणि आई.

बीडकर_काका
दोन माणसांचे एवढे पैसे घालून लोखंडाच्या डब्यात बसायचं काहून? त्याच पैशात तारकर्लीला आठ दिवस राहून होतं. समुद्र पाहिजे तर किनाऱ्यावर बसून बघा, पाय वाळूत ठेवा. आईला गाडी लागते म्हणता आणि बोटीत घालायलाव? आमच्या इकडून माजलगावला एसटीनं जातानाच माणूस अर्धा होतो.

गोदाकाठ_नांदेड
काका, त्यांनी तारकर्लीचं विचारलंच नाही. मोसंबीवाले, मी मागच्या वर्षी डिसेंबरात मुंबई-गोवा-मुंबई केलंय, आईवडील आणि सासूबाई बरोबर होत्या. बोट बॅलार्ड पियरवरून सुटते. सीएसएमटीहून टॅक्सीनं दहा मिनिटं. तुम्ही आमच्याच भागातले दिसताय म्हणून सांगतो : त्याच दिवशी सकाळी वंदे भारतनं निघून बोट पकडू असं डोक्यात असेल तर काढून टाका. ती गाडी दुपारी अडीचच्या सुमारास मुंबईत पोचते. बोट संध्याकाळची असली तरी चेक-इन कित्येक तास आधी बंद होतं. गाडी कसारा घाटात तासभर थांबली की संपलं, बोट कुणासाठी थांबत नाही. देवगिरी एक्स्प्रेसनं आदल्या रात्री निघा, सकाळी उतरा, आंघोळ-नाश्ता करून निवांत जा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळच्या गाड्यांचं केव्हाच उघडलंय. पैसे भरण्याआधी गाडीचं वेटिंग किती आहे ते बघा.

डॉ_परभणी
बोट लागते ती कानातल्या तोलामुळे. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कान सांगतो हलतेय, त्यातून मळमळ होते. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मधोमध असलेली मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. टोकाच्या आणि वरच्या केबिनी टाळा. अव्होमिनची गोळी निघण्याच्या तासभर आधी घेतात, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. झोप येते, म्हणून गोळी घेतलेल्या माणसाला एकट्यानं जिने चढू देऊ नका. आईंना काचबिंदू आहे का? बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

लातूरची_लेक
डॉक्टर, मधली खालची केबिन म्हणजे बिनखिडकीची. माझ्या आईला त्यातच जास्त त्रास झाला, कोंडल्यासारखं झालं. बाल्कनी घेतली असती तर बाहेर बसून लांब क्षितिजाकडे बघता आलं असतं. पैसे थोडे जास्त गेले तरी बाल्कनीच घ्या. आणि आलेपाक ठेवा जवळ, गोळीपेक्षा बरा.

डॉ_परभणी
क्षितिज बघायला डेकवर जाता येतं, त्यासाठी बाल्कनीचे पैसे कशाला? रात्री झोपेत हलतं तेव्हा कुणी क्षितिज बघत नाही. आलेपाकाला माझी ना नाही, पण गोळीच्या जागी नको.

लातूरची_लेक
मी माझ्या आईचा अनुभव सांगितला. बिनखिडकीच्या खोलीत दिवस का रात्र तेच कळत नाही, म्हाताऱ्या माणसाला ते सोसत नाही. खिडकीची, बाल्कनी नसलेली, बोटीच्या मधली केबिन मिळाली तर दोघांचंही खरं.

जुना_खलाशी
सावध राहा म्हणून लिहितो. रामदास बोट विसरू नका. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझे आजोबा त्या बोटीचं सांगायचे.

गोदाकाठ_नांदेड
आजोबांबद्दल आदर आहे, पण ती भर पावसाळ्यातली गोष्ट. डिसेंबरात आपल्या बाजूचा अरबी समुद्र शांत असतो, सासूबाईंना तर बोट सुटल्याचंही कळलं नव्हतं. शिवाय बोट सुटताना लाइफ जॅकेट आणि कुठे जमायचं याचा सराव प्रत्येकाकडून करून घेतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ लोक गेले. त्या बोटीवरच्या बऱ्याच प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या सराव घेणं सक्तीचं झालं. तो टाळू नका, आईंनाही घेऊन जा, खुर्ची देतात.

मोसंबीवाला
सगळ्यांचे आभार, पण माझा प्रश्न २४ च्या रात्रीचा आहे. केबिनचं कळलं. आई ६७ ची आहे, बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. दोन रात्रींची बोट २३ ला संध्याकाळी मुंबईहून, २४ ला दिवसभर गोवा, २५ ला परत. पाच रात्रींचीत २४ ला लक्षद्वीप.

गॅलीतला_माणूस
मी सात वर्षं क्रूझच्या किचनात काढली, आता संभाजीनगरला स्वतःचं काम करतो. उत्तर सरळ आहे : दोन्हीत रात्री बारा वाजता बोट समुद्रातच असणार. बोट दिवसा बंदरात थांबते आणि रात्री चालते.

पण आईच्या गुडघ्याचं म्हणता तर पाच रात्रींची अजिबात घेऊ नका. गोव्याला बोट मुरगावच्या धक्क्याला लागते, शिडीच्या पुलावरून चालत उतरता येतं. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, लांब पाण्यात उभी राहते. तिथून हलणाऱ्या छोट्या बोटीत पाय टाकून उतरायचं. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, बोट वर आली की हो म्हणतात, तेव्हा पाऊल टाकायचं. तरण्या माणसाचाही जीव वर येतो. मी किती तरी आजी दारापर्यंत येऊन परत फिरलेल्या बघितल्यात.

एजंटनं दिलेल्या आकड्यात पोर्ट चार्जेस, जीएसटी आणि ग्रॅच्युइटी (बोटीवरच्या नोकरांची टिप) धरलेत का ते लेखी घ्या. सणासुदीला फरक मोठा पडतो. रद्द केलं तर किती परत मिळतील तेही. मोबाइल विमान मोडवर ठेवा, किनारा सुटला की रेंज जाते आणि फोन बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क धरतो, त्याचं बिल नंतर येतं.

शांत जागा कशासाठी हवी? ते सांगितलंत तर नेमकं सांगता येईल. झोपायला असेल तर वेगळी, बसायला असेल तर वेगळी.

बीडकर_काका
मी पण तेच म्हणतो. डीजे नको तर नाताळातच कशाला? जानेवारीत जा, निम्म्या भावात मिळंल.

मोसंबीवाला
सांगतो. आधी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं नाताळ म्हटल्यावर कळेल.

आम्ही ख्रिस्ती आहोत, जालन्याचे. बाबा जूनमध्ये गेले. चर्चच्या गायनमंडळीत ते ४१ वर्षं पेटी वाजवायचे. २४ ला रात्री मंडळी घरोघर गात फिरायची आणि शेवटचं घर आमचं असायचं, एक-दीड वाजता. आई मोठ्या पातेल्यात सुंठीचा चहा करून ठेवायची, पन्नास-साठ कप. आदल्या आठवड्यात ती मैदा-तूप मळून डबा घेऊन बेकरीत जायची, नानकटाईचे पत्रे भट्टीत गेले की बाबा तिथंच बाकावर बसून पोरांना नव्या चाली सांगायचे. पेटीची मधली एक पट्टी दाबली की खालीच राहते. बाबा वाजवता वाजवता ती करंगळीनं वर उचलायचे, ऐकणाऱ्याला कळायचंही नाही.

परवा आई म्हणाली, यंदा पोरं दारात आली तर मी कुणाकडे बघू? म्हणून तिला घरापासून लांब न्यायचंय. नातेवाइकांकडे नेलं तर तिथंही तेच, सगळीकडे गाणारे येणार. बोटीवर कुणी येणार नाही असं वाटलं. पण रात्री बाराची प्रार्थना तिनं आयुष्यात चुकवलेली नाही, म्हणून शांत जागा.

लातूरची_लेक
दादा, वाचून गलबलून आलं. माझी आई गेल्या वर्षी दिवाळीत अशीच होती, म्हणून विचारते, राग मानू नका. आईंना विचारलंय का तुम्ही? बोटीवर जायचं हे त्यांच्या मनातलं आहे का तुमच्या? आम्ही आईला हट्टानं तिरुपतीला नेलं होतं. ती तिथं सारखी म्हणत राहिली, घरी दिवा कुणी लावला असेल.

पानकळा
विषयांतराबद्दल माफ करा. जालना आणि ख्रिस्ती समाज म्हटल्यावर राहवलं नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं होतं. मराठवाड्यातल्या लोकांनाही हे माहीत नसतं. तुमचं घराणं त्या बाजूचं आहे का?

मोसंबीवाला
पानकळा, हो, आजीचं माहेर तिकडचं. त्यावर नंतर बोलू.

ताई, नव्हतं विचारलं. सरप्राइज द्यायचं होतं. आत्ता विचारायलो.

गॅलीतला_माणूस
मी वाट बघतो. तोवर एक सांगून ठेवतो. बोटीवर कामाला गोव्याची पोरं पुष्कळ असतात. मी ज्या बोटींवर होतो तिथे २४ ला रात्री सगळी सर्व्हिस उरकल्यावर ती पोरं एकत्र जमायची. कधी क्रू मेसमध्ये (आमच्या जेवणाच्या खोलीत), कधी कॅप्टननं परवानगी दिली तर थिएटरात, पाहुण्यांसाठीसुद्धा. पाद्री असेलच असं नाही, नसेल तर जुना एखादा स्टुअर्ड वाचन करायचा. आम्ही किचनवाले ॲप्रन काढून मागे उभे राहायचो. मी हिंदू आहे, पण सात वर्षांत एकदाही चुकवलं नाही. प्रत्येक बोटीवर असतंच असं म्हणत नाही. बुकिंगआधी गेस्ट रिलेशन्सला मेल टाका : २४ च्या रात्री उपासना आहे का, नसेल तर अर्धा तास एखादा कोपरा मिळेल का. लायब्ररी किंवा कार्ड रूम त्या वेळी मोकळी असते, सगळे डीजेकडे असतात.

डॉ_परभणी
मोसंबीवाले, बाबांचं वाचून वाईट वाटलं. आईंची झोप, जेवण कसं आहे? जूनपासून वजन उतरलं असेल तर जाण्याआधी एकदा तपासून घ्या. आणि तुम्ही स्वतः नीट जेवताय ना?

मोसंबीवाला
आईशी बोललो. आधी रडली, मग म्हणाली बोट म्हणजे ती टीव्हीत दाखवतात तशी का? मग म्हणाली येते, पण दोनच रात्री, कारण ३१ ला वर्षअखेरच्या भक्तीला ती मंडळीत बसणार आहे आणि त्याआधी तिला घर झाडायचंय. गोव्याला बोट थांबते म्हटल्यावर म्हणाली, बाबांना जुन्या गोव्याचं चर्च बघायचं होतं, ते बघू. आणि शेजारच्या सिस्टरांना तिनं आत्ताच सांगितलं, २४ ला पोरं आली की आमच्या ओट्यावर चहा द्या, सुंठ मी कुटून ठेवते.

म्हणजे दोन रात्रींची घेतोय. खिडकीची, मधली केबिन आहे का ते विचारलंय. मेलही टाकला. देवगिरीला २२ चं वेटिंग १९ आहे, २१ ला दोन बर्थ मिळाले, ते काढले. एक दिवस मुंबईत मावशीकडे.

गोदाकाठ_नांदेड
मुरगावहून जुनं गोवं जवळ नाही, टॅक्सीला तास धरा. आणि परत बोटीवर यायची वेळ टॅक्सीवाल्याला आधीच सांगा. आम्ही पळत आलो होतो. आधार कार्ड मूळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

बीडकर_काका
आईला माझा नमस्कार सांगा. तारकर्लीचं जाऊ द्या. मुंबईत काही अडलं तर पोरगा डोंबिवलीला असतो, मेसेज करा.

मोसंबीवाला
काका, सांगतो. आता शेवटचा प्रश्न, हा आईचा आहे. पेटी बोटीवर नेता येते का?

गॅलीतला_माणूस
येते. सामानाबरोबर स्कॅनमधून जाईल, केबिनमध्ये ठेवता येईल. मेलमध्ये तेवढं लिहून टाका म्हणजे गेटवर अडवणार नाहीत. सामान धक्क्यावर लोड करायला देतात तेव्हा पेटी मात्र देऊ नका, हातात ठेवा. आणि समुद्राची हवा दमट असते, लाकूड फुगतं. सुती चादरीत गुंडाळा, वाजवायच्या आधी अर्धा तास उघडून ठेवा. ती मधली पट्टी जालन्यात दुरुस्त करून घेणार आहात का?

मोसंबीवाला
आई नको म्हणते.