मदत हवी आहे: कॉन्ट्रॅक्टिंगच्या कामासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

आमचं एसी आणि इलेक्ट्रिकल कामाचं कॉन्ट्रॅक्टिंग आहे. नऊ टेक्निशियन, ऑफिसात दोघं. आत्तापर्यंत वही, एक्सेल आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर भागलं, पण गेल्या महिन्यात एकाच ग्राहकाकडे दोन माणसं पोहोचली आणि दुसरा ग्राहक दिवसभर वाट बघत बसला. आता पुरे झालं.

जॉबर, हाउसकॉल प्रो आणि सर्व्हिसटायटन ही कामाचं वेळापत्रक सांभाळणारी सॉफ्टवेअर वरवर पाहिली. सर्व्हिसटायटन आमच्या आकाराला जड वाटतं. डेमोत सगळंच गोड दिसतं म्हणा!

माझी खरी अडचण बेसमेंटची. तिथे रेंज नसते, म्हणून ॲप ऑफलाइन चालायला हवं: फोटो, ग्राहकाची सही, वापरलेले पार्ट, सगळं फोनमध्ये साठून नंतर आपोआप सिंक व्हावं. आणि मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टच्या व्हिजिट्स तारखेनुसार आपसूक लागाव्यात. जीपीएस ट्रॅकिंग नसलं तरी चालेल, पोरांना ते आवडतही नाही.

दर माणशी पैसे घेणारं परवडतं का, की ठरावीक रकमेचं बरं? सोडायची वेळ आली तर जुना डेटा एक्सेलमध्ये नीट मिळतो का? आणि वहीला चिकटलेल्या जुन्या माणसांना तुम्ही कसं वळवलंत? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा.