अमेरिकेतल्या फ्लोरिडा ट्रेल या लांबलचक पायवाटेवरची दलदल कोणी कोणी तुडवलीय?

ओअ‍ॅसिस व्हिजिटर सेंटरपासून उत्तरेला आय-७५ महामार्गापर्यंतचा, बिग सायप्रेस या राखीव दलदलीतला साधारण ३० मैलांचा तुकडा ज्यांनी केलाय त्यांनी लिहा. अख्खी ट्रेल दीड हजार मैलांची, पण गप्पा निघाल्या की गाडी इथेच येऊन अडकते. याच ट्रेलवरची ब्रॅडवेल बेची दलदल केलेल्यांनीही लिहा.

---

मी फेब्रुवारीत गेले होते. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा सीझन म्हणतात, पण कोरडा म्हणजे वरून पाऊस नाही एवढंच, खाली पोटरीभर पाणी होतंच. आणि पाण्याचं काही नाही हो, त्रास सगळा तळाचा. चुनखडीचा खडक, त्यात भोकं, वरून करडा चिकट चिखल, एक पाऊल खडकावर टण्ण आणि पुढचं गुडघ्यापर्यंत आत. तासाला जेमतेम मैल होतो. पाय रुतला की सरळ वर खेचायचा नाही, बूट आतच राहतो. घोटा हळूहळू फिरवायचा, बुडबुडे आले म्हणजे चिखलाने पकड सोडली, मग टाच आधी उचलायची. पुढच्या पावलाला परत तेच.

---

वरच्या ताईंना अनुमोदन. एक भर घालतो. लांबून सायप्रेसची झाडी टेकडीसारखी दिसते, मधली झाडं उंच आणि कडेची बुटकी. ती टेकडी नाही, खळगा आहे! मधे पाणी जास्त खोल, तिथेच झाडं जास्त वाढतात. त्यामुळे झाडं उंच व्हायला लागली की मी फोन वरच्या खिशात सरकवायचो. झाडांवरचे वाटेच्या खुणेचे केशरी पट्टे बघत चालावं तर पाण्याखाली सायप्रेसच्या मुळांची खुंटं नडगीवर बसतात, त्यामुळे पट्टा दिसला की थांबून बघायचं, मग मान खाली. दोन काठ्या हव्यातच, एकीने भागत नाही.

---

वॉटरप्रूफ बूट घेऊ का? पुढच्या हिवाळ्यात जायचा विचार आहे.

---

अजिबात नको. वरून पाणी शिरणारच आणि मग बाहेर निघत नाही, दिवसभर दोन बादल्या ओढत फिराल. जाळीचे साधे ट्रेल रनर बूट घ्या. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपायला, सकाळी रडत का होईना ओलेच घालायचे. कॅम्पच्या उंचवट्यावर पोचलात की तंबू राहू दे, आधी पाय उघडे करा, कातडी पांढरी सुरकुतलेली असते, ती वाळल्याशिवाय चालाल तर सोलून निघते.

---

अ‍ॅलिगेटरचं कोणीच लिहिलं नाही? मला दिसले ते ओअ‍ॅसिसच्या कालव्यात, बोर्डवॉकवरून, जिथे लोक पोराबाळांना घेऊन फोटो काढतात. आत दलदलीत एकही नाही. कॉटनमाउथ साप मात्र ओंडक्यावर होता, तोंड उघडून पांढरं दाखवलंन्, आम्ही लांबून वळसा मारला. ओंडक्यावर हात टेकायच्या आधी बघत जा.

---

ब्रॅडवेल बे वेगळंच प्रकरण आहे, अपालाचिकोला नॅशनल फॉरेस्टमधलं, १९७५ पासून वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखलेलं रान. पाणी कोऱ्या चहासारखं, पाऊल कुठे पडतंय ते दिसतच नाही, आणि टिटीची झुडपं इतकी दाट की सॅक अडकते. पाऊस होऊन गेला असेल तर कमरेपर्यंत. बिग सायप्रेसमध्ये निदान तळ दिसतो, मला विचाराल तर आधी तेच करा.