खाऱ्या पाण्याच्या टाकीले कोणता फिल्टर? घरचा कापूस चालते का?

आर्वीकडचा: नमस्कार मंडळी. ४ बाय दीड बाय दीड फुटाची टाकी आहे, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र) आणि २ क्लाउनफिश मासे. पण पाण्यात बारीक कचरा तरंगतच रायते अन दगडावर खाकी थर बसते. दुकानदार म्हणे कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) घे, यूट्यूबवाले म्हणतात सॉक (गाळायची पिशवी) लाव, कोणी म्हणते रोलर (गाळणीचा फिरता रोल). आमच्या गावाले लाइन दिवसातून चार-पाच तास जातेच. अन हसू नका, पण घरी कापसाचा ढीग पडला आहे, त्यातलाच सरकी काढून भरला तर?

खारंपाणी: काहून हसाव बाप्पा, मी हा पराक्रम केलेला आहे. जिनिंगमधून रुई आणली, पाचव्या दिवशी तिचा बुळबुळीत गोळा अन वास असा का घरात कोणी जेवेना. खरा कापूस पाण्यात सडते, त्याचे धागे सुटून पंपात अडकतात ते वेगळंच. उशीत भरतात तो पांढरा पॉलिस्टर, म्हणजे फ्लॉस, घ्या, बिनरंगाचा, आग न लागायचं औषध न मारलेला. संपमध्ये पाणी पडते तिथंच ठेवा अन दर दोन-तीन दिवसांनी फेकून नवा टाका. अडकलेला कचरा पाण्यातच असते ना भाऊ, काढला नाही तर तिथंच सडून अमोनिया अन मग नायट्रेट होते.

टाकीवेडा: कॅनिस्टरचं नावच काढू नका तुमच्याकडे. बंद डबा आहे तो, लाइन गेली का आतलं पाणी थांबते, ऑक्सिजन संपते, कचरा पचवणारे जिवाणू मरायला लागतात, अन लाइन आली का ते सगळं घाण पाणी सरळ माशांवर. आणि तो उघडून धुवायचा कंटाळा येतो म्हणून लोक महिना महिना हातच लावत नाहीत.

खारंपाणी: बरोबर. रोलर चांगला, गाळणीचा पट्टा आपोआप पुढं सरकते, पण रोल संपला का मागवा, महाग पडते.

नदीकाठचा: मी सॉकवाला आहे. २०० मायक्रॉनचा (छिद्राचं माप) घ्या, १०० चा बारीक पकडते पण लवकर चोंदते. फेल्टचा धुवायले तापदायक, जाळीचा नळाखाली उलटा करून निघते. चार-पाच ठेवा, दर तीन-चार दिवसांनी बदला. साबण अजिबात नाही! आमच्या घरी एकदा सॉक कपड्यांसोबत मशीनमध्ये गेला, पावडरीसकट. पुढचं विचारू नका.

टाकीवेडा: म्हणूनच मी फ्लॉसवाला, धुणं नको. शिवाय एप्रिल-मेमध्ये संपची पातळी रोज पाहा, ४५ डिग्रीत पाणी लय उडते. मीठ उडत नाही, म्हणून भर घालताना साधं आरओचंच, खारं नाही.

नदीकाठचा: अन एक, पंप बंद करून पाहिला का? लाइन गेल्यावर वरचं किती पाणी संपमध्ये उतरते ते?

आर्वीकडचा: नव्हतं पाहिलं. आता केलं. संपच्या काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं, छाती धडधडली राजेहो. पातळी कमी करून ठेवली, फ्लॉस उद्या आणतो. कापसाचं सांगितलं तर बाबा म्हणते, बरं झालं, एवढ्या भावात मासे पोसायचे होते का.