साठीनंतरच्या बायका आणि ‘पॉइंट टू फाइव्ह’

शेवंती: आमच्या भिशीत कुणाच्या ना कुणाच्या पर्समधून अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता कमी करून झोप आणणाऱ्या गोळीची, स्ट्रिप निघतेच. “पॉइंट टू फाइव्ह (०.२५ मिलिग्रॅम) तर घेते, त्यात काय!” कुणाची नवरा गेल्यावर सुरू झाली, कुणाची मुलगा वेगळा राहायला गेल्यावर. थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू. माझ्या मते ही बाईला गप्प ठेवायची सोय आहे. तिची तक्रार ऐकत बसण्यापेक्षा गोळी स्वस्त पडते.

निवांत६८: मला कुणी गप्प ठेवलेलं नाही, मीच मागून घेतली. ह्यांना पार्किन्सन्स आहे, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. बीपीची गोळी जन्मभर घेतली तर कुणी धागा काढत नाही. पुरुषांनी रोज दोन पेग घेतले तरी तो ‘रिलॅक्स’ होतो.

काउंटरवाला: पेगचं पटलं, बीपीचं नाही. या गोळीची शरीराला सवय होते, मग तेवढ्याच डोसने भागत नाही. उतारवयात ती शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून सकाळीही तोल जातो. पडून खुब्याचं हाड मोडायचा धोका वाढतो. २०१४पासून अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, रजिस्टरला नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची. तरी काकू जुनीच मळकी चिठ्ठी घेऊन येतात, आणि आमच्या औषधविक्रीच्या धंद्यातले काही जण देतातही.

शेवंती: तेच म्हणते मी! आजपासून बंद करा.

काउंटरवाला: अहो ताई, असं लिहू नका! रोजची गोळी एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची, कित्येकदा त्यात महिने जातात. निवांतकाकू, एक विचारू? गोळी घेऊन रात्री काकांना उठवता कशा? दोघंही पडाल.

निवांत६८: भिंतीला धरून. कमी करायला मी तयार आहे, पण तेवढे दिवस रात्री ह्यांच्याजवळ कोण बसणार? मुलाला विचारलं तर म्हणतो, डॉक्टर बदल.

शेवंती: मग मी वेगळं काय म्हणत होते?

निवांत६८: तुम्ही गोळी बंद करा म्हणालात. रात्रपाळीची बाई लावा, असं मुलाला कुणीच म्हणत नाही.